ज्या बाजूने शिवी येईल

हळर्ण, पेडणे
बुधवार, दुपारची जेवणे झाल्यावर

तीर्थरूप पार्वतीअक्काच्या चरणी धाकटा भाऊ गोकुळदास याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगे जमिनीला टेकतात, उरलेली दोन मनाने टेकली असे समजावे).

तिकडे तुम्ही सगळी खुशाल असाल अशी माझी समजूत आहे. समजूत म्हणतो, कारण खात्रीची बातमी मला कुणी देत नाही. भाऊजींचा खोकला उतरला का, तांबडी गाय व्याली का, नदीचे पाणी मिरच्यांच्या वाफ्यापर्यंत चढले होते ते वेळेवर ओसरले का, यातले मला काहीही ठाऊक नाही. तुझा फोन मी लावला की नुसता वाजत राहतो. नार्व्याला रेंज नाही असे मी धरून चाललो होतो, पण सुशीलेचा फोन त्याच नार्व्याला, त्याच तुला, पहिल्या घंटीला लागतो आणि पाऊण तास चालतो. काल ती तुझ्याशी बोलत होती तेव्हा मी मुद्दाम समोर येऊन बसलो, दोनदा खाकरलो. ती फोन घेऊन परसात गेली आणि केळीखाली उभे राहून तिने बोलणे पुरे केले. अक्का काय म्हणते असे विचारले तर म्हणाली, बरी आहे. पाऊण तासातले मला एवढेच मिळाले. म्हणून शेवटी कागद घेतला. तेहेतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाचे अक्षर तरी तू वाचशील, कागद काही वाजत ठेवता येत नाही.

मुख्य विषयाकडे येण्यापूर्वी एक अगदी बारीक गोष्ट. (बारीक आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मी घेतलेली नाही.) परवा संध्याकाळी सगुणकडे गेलो होतो. सगुण म्हणजे आपल्या पाठल्या दारचा, आपला भाऊबंद, ज्याला तू लहानपणी काजूच्या झाडावरून खाली उतरवले होतेस तो. त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक बरणी दिसली. निळ्या झाकणाची, गळ्याला पांढरे फडके, फडक्याला सुतळी, आणि सुतळीला ती तुझी दुहेरी गाठ.  फक्त बरणी कुठली एवढे विचारले. तर तो सरळ म्हणाला, अक्काने दिली, मिस्कूट आहे, तुला वाढू का. अक्का, तुझ्या हातचे कैरीचे लोणचे आता सगुणने मला वाढायचे. तुझे लग्न झाल्यापासून ती बरणी दर पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या घरी येते, कधी चुकली नाही. यंदा आली नाही तेव्हा मला वाटले, वाऱ्याने कैऱ्या गळल्या असतील. कैऱ्या गळल्या नव्हत्या, नुसता त्यांचा रस्ता बदलला होता. मी वाढू नको म्हटले, चहा अर्धा टाकला आणि घरी आलो. सुशीलेने विचारले, तोंड का उतरले आहे, तर मी गुडघ्याचे नाव सांगितले.

सगुणबद्दल माझ्या मनात काही नाही, हे तुला माहीत आहेच. साठी उलटली तरी त्याचे एकतीस दात त्याचे स्वतःचे आहेत, असू देत. एकाच डोंगराखाली आमची विहीर एप्रिलात खडखडीत होते आणि त्याच्या विहिरीला पाणी असते, ती देवाची मर्जी. गुडघे त्याचे अजून स्कूटरला लाथ मारून सुरू करण्याइतके शाबूत आहेत. मी यातले काही मोजत बसत नाही. फक्त माणसाने जरा कुठेतरी कमी असावे, शेजाऱ्याला तेवढाच आधार.

आता मुख्य विषय. किल्ल्याच्या उतरणीखालचे शेत भात कापून झाले की गावचे मैदान होते आणि माघात तिथे फुटबॉलचे सामने होतात, हे तुला सांगायला नको. गेल्या वर्षी फायनलला तुझा सर्वेश रेफरी म्हणून आला होता. (तो डिचोलीला शाळेत खेळाचा मास्तर झाला याचा मला फार अभिमान आहे. मामाचा पेशा भाच्याने घेतला, मी पट्टी धरली आणि त्याने शिटी, एवढाच फरक.) डिचोलीकडच्या सर्वण गावचा संघ विरुद्ध आम्ही. शेवटची पाच मिनिटे राहिली होती. सर्वेशने आमच्या पोराचा हँडबॉल धरला आणि सर्वणला पेनल्टी दिली. त्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला शिवी घातली. शिवी आईवरून होती. (कुणीतरी म्हणजे कुणीतरी. चारशे माणसे होती, त्यांत आता शोधत बसण्यात काय अर्थ आहे.) खरे म्हणजे शिव्या आमच्या मैदानाला नव्या नाहीत. गोलपोस्ट नव्हते तेव्हापासून शिव्या आहेत. पण सर्वेश थांबला. शिवी जिकडून आली तिकडे त्याने एकदा पाहिले, शिटी खिशात घातली, शेताच्या मेरेच्या बांधावरून चालत गेला आणि मोटारसायकल सुरू करून निघाला. मैदानात बावीस पोरे तशीच उभी राहिली. त्यांतला एक तर पेनल्टी मारायला धावत आला होता, तो अर्ध्यावर थांबला.

त्यानंतर तालुक्यातल्या रेफरींनी आपसात ठरवले की हळर्णच्या प्रेक्षकांची तोंडे सुधारल्याशिवाय त्या शेतात कुणी शिटी घेऊन पाय ठेवायचा नाही. वर असेही कळवले की यंदाची फायनल नीट पार पडली नाही तर पुढल्या वर्षापासून आमचे सामने यादीतून काढले जातील. शेताचा मालक या गोष्टीची वाटच पाहतो आहे. त्याला माघात तिथे भेंडी लावायची आहे. म्हणजे पोरांचे खेळणे जाणार आणि भेंडी येणार, आणि ती भेंडी आम्हीच विकत घेऊन खाणार.

म्हणून रुद्रेशने देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. (रुद्रेश आमच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी, वय एकोणतीस, प्रत्येक वाक्यात 'सिस्टीम' हा शब्द.) विषय एकच, प्रेक्षकांच्या तोंडाचे काय करायचे. कुणी म्हणाले, पोलीस बोलवू. त्यावर त्यांच्यासाठी खुर्च्या कोण आणणार यावर अर्धा तास गेला आणि पोलीस मागे पडले. मग रुद्रेश म्हणाला, फलक लावू, पण 'अपशब्द वापरू नयेत' एवढ्याने भागत नाही, लोक म्हणतात मी बोललो तो अपशब्द नव्हताच. तेव्हा सिस्टीम म्हणून यादी हवी. यादी कोण करणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समजलो, अक्षरासाठी पाहताहेत. तीन दिवस बसून यादी केली, अकारविल्हे. पेडण्यातले शब्द एका रकान्यात, डिचोलीतले दुसऱ्या, दोन्हीकडे चालणारे तिसऱ्या. सत्तेचाळीस भरले. (सुशीला देवापाशी दिवा लावायला आली होती, तिने चष्मा लावून पहिले पान वाचले आणि दिवा न लावताच परत गेली.) फलक लागायच्या आधीच कुणीतरी यादीचा फोटो काढून मोबाइलवर सोडला. दुसऱ्या दिवशी सर्वणच्या पोरांचा निरोप आला की यांतले एकोणीस शब्द आम्हाला ठाऊकच नव्हते, मास्तरांना धन्यवाद सांगा. फलक रद्द झाला. सगळे हसत होते, एकटा सगुण म्हणाला, अक्षर मात्र सुरेख आहे. तो असाच बोलतो, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही.

मग पुढच्या बैठकीत सगुण उठला. तो सहसा उठत नाही, त्यामुळे तो उठला की लोक गप्प बसतात. (मी नेहमी उठतो, त्यामुळे मी उठलो की लोक चहा मागवतात.) तो म्हणाला, आपण पोलिसांना भीत नाही, फलकाला भीत नाही, पण शेताच्या कोपऱ्यात सातविणीच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे, त्याच्यासमोरून आपल्यातला कुणी अजून पायांत वहाणा घालून जात नाही. तेव्हा सामने सुरू होण्याआधी राखणदारापुढे नारळ ठेवू आणि गाऱ्हाणे घालू. बैठकीने माना डोलावल्या. देवळात नारळ फोडतो त्या बाबलीच्या तर डोळ्यांत पाणी आले (बाबलीच्या येते, पण तरी). अक्का, ही कल्पना माझी होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती इतकेच. अंघोळ करताना मला नेमके हेच सुचले होते, आणि बैठकीत बोलीन म्हणून मी ठेवून दिले होते.

पुढे गाऱ्हाणे कोणी घालायचे हा प्रश्न. तो मान आपल्या घराचा, आजोबांपासूनचा. बाबांनी सोडला, कारण त्यांना आवाज नव्हता. पण सोडला म्हणजे दुसऱ्याला दिला असे होत नाही, हे मी बैठकीत चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितले. सगळ्यांनी मान्य केले आणि गाऱ्हाणे सगुणनेच घालावे असे ठरवले. का, तर त्याचा आवाज शांत आहे. मला नारळाचे ताट धरायला दिले. ताटही मानाचेच असते, असे रुद्रेश माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

सामन्यांच्या पहिल्या दिवशी सातविणीखाली सगळा गाव जमला, पाहुण्या संघांची माणसेही आली. सगुणने हात जोडले.  तो म्हणाला, "बा राखणदारा, जागेवाल्या, आज तुझ्या पायाकडे हो नारळ ठेयलो आसा. ह्या शेतात जो कोण वायट शबूद काडीत, तेका बरी बुद्धी दी, महाराजा." आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय महाराजा."

बरी बुद्धी. अक्का, तेहेतीस वर्षे मी पोरांना बरी बुद्धी देण्याचे काम केले आहे, ती अशी मागून येत नाही. गाऱ्हाण्याला जरा धाक हवा. हे एक. दुसरे असे की मी सहज बायकांच्या बाजूला पाहिले तर सुशीला पदराने डोळे टिपत होती. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही वाक्यावर तिने डोळे टिपलेले नाहीत (हसताना सोडून). ताट हातात असतानाच मी मोठ्याने म्हणालो, "आणि ज्या बाजूसून गाळ येयत, ती बाजू हारां दी, महाराजा." लोकांना सवय असते, शेवटी 'महाराजा' ऐकले की तोंडातून 'व्हय' येतेच. सगळ्या शेताने 'व्हय महाराजा' म्हटले, आणि बाबलीने त्याच दमात नारळ फोडला. ज्या बाजूने शिवी येईल ती बाजू हरणार, हे आता राखणदाराच्या दरबारी पक्के झाले. घातलेले गाऱ्हाणे परत घेता येत नाही. सगुणने माझ्याकडे पाहिले, पण रागाने नाही. मला त्याचे तेच सहन होत नाही.

पहिले दोन सामने तू पाहायला हवे होतेस. तोंडातून शब्द निसटला तर आपलाच संघ हरणार, म्हणून माणसे जीव मुठीत धरून बसली होती. बाबलीने तर टॉवेलचा बोळा तोंडात धरला होता. आमच्याकडे रेफरी नव्हता म्हणून रुद्रेशने सीमेपलीकडून, दोडामार्गाहून, बाबुराव नावाचे एक सज्जन आणले होते, ज्यांच्यापर्यंत आमची कीर्ती पोचली नव्हती. त्यांनी एक ढळढळीत चुकीचा ऑफसाइड दिला. गेल्या वर्षी असता तर त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस झाली असती. यंदा मागून कुणीतरी फक्त एवढेच विचारले, "रेफरीबाब, ऊन लागता जाल्यार टोपी हाडून दिवं?" बाबुरावांनी लिहून दिले की वीस वर्षांत इतके सुसंस्कृत प्रेक्षक पाहिले नाहीत. रुद्रेशने त्या कागदाला प्लास्टिक करून घेतले. आणि चहाच्या टपरीवर जो तो सगुणची पाठ थोपटत होता. कलम माझे, पाठ त्याची.

गेल्या रविवारी सेमीफायनल झाली. आमच्यासमोर समुद्राकडच्या एका गावचा संघ होता (नाव लिहीत नाही, तिथे सुशीलेचे माहेर आहे). अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. तेव्हा बाबली उठला, तोंडातला टॉवेल काढून डोक्याला गुंडाळला, शेताला वळसा घालून गेला आणि त्या लोकांच्या मधोमध जाऊन बसला. तिथून त्याने पोटातून आवाज काढून आमच्याच गोलकीपरला शिवी हासडली. गोलकीपर बाबलीचा सख्खा पुतण्या. आमच्या ध्यानात येईना की याला झाले काय. दोन मिनिटांत आम्ही गोल मारला, आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शिवी ज्या बाजूने आली ती बाजू हरणार, शिवी कोणाच्या तोंडातून आली हे गाऱ्हाण्यात कुठे आहे? (नाही. ही चूक माझी. पण सगुणच्या गाऱ्हाण्यात तर बाजूच नव्हती.)

मग आमची दहा माणसे उठून पलीकडे गेली. ती माणसेही काही खुळी नव्हती, त्यांची पंधरा इकडे येऊन बसली आणि आपल्याच पोरांना लाखोली वाहू लागली. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळे हळर्ण पलीकडच्या मेरेवर आणि त्यांचा सगळा गाव आमच्या मेरेवर, आणि जो तो आपल्या मुलाला, भाच्याला, जावयाला शिव्या घालतो आहे. परक्याला शिवी घालताना माणूस अंदाजाने घालतो. घरच्याला माहितीवरून घालता येते, त्यामुळे नको नको ते सगळे बाहेर आले. कुणाचे जमत आलेले लग्न मोडायला आले. बाबलीचा पुतण्या खेळता खेळता थांबून, नंतर घरी गाठ आहे अशा सुरात म्हणाला, "काका, घरा येयात मागीर." बाबुरावांनी तीनदा शिटी वाजवून विचारले की कोणत्या बाजूचा प्रेक्षक कोणता, तर सांगता कुणालाच येईना. सामना एक-शून्य असा कसाबसा संपवून त्यांनी रुद्रेशकडून आपला कागद प्लास्टिकसकट परत मागून घेतला आणि ते दोडामार्गाच्या बसमध्ये जाऊन बसले. बस सुटायला अजून दीड तास होता. रुद्रेश मला म्हणाला, मास्तर, तुमच्या सिस्टीममध्ये फॉल्ट आहे. सगळ्या गावाने मान डोलावली. तेव्हा मात्र कलम माझे आहे हे सगळ्यांना आठवले.

या रविवारी फायनल आहे, पुन्हा सर्वणशीच. रेफरी नाही. रेफरी नाही म्हणजे सामना नाही, आणि सामना नाही म्हणजे भेंडी. म्हणून सगुण सोमवारी सकाळी कुणाला न सांगता स्कूटर काढून नार्व्याला गेला. तू त्याला ठेवून घेतलेस, खतखते केलेस, सोलकढी केलीस आणि निघताना बरणी दिलीस. हे मला त्याच्याकडूनच कळले, मी खोदून विचारले म्हणून. खतखत्यात तिरफळे होती का, हेही मी विचारले. होती म्हणाला.

काल बैठकीत त्याने सर्वेशचा निरोप सांगितला. सर्वेश येईल, पण एका अटीवर. ज्याने गेल्या वर्षी ती शिवी घातली त्याने आपल्या तोंडाने सर्वेशच्या आईला तसे सांगावे. बस्स. रुद्रेशने विचारले, तो माणूस कोण. सगुण म्हणाला, "माका खबर ना. तेका खबर आसा." (खोटे. तो त्या माणसापासून दोन हातांवर बसला होता.) एवढे बोलून तो खाली बसला, आणि बसताना त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अक्का, माणसाने इतके चांगले असू नये. त्याने नाव घेतले असते तर मला त्याच्याशी जन्माचे भांडण करता आले असते, आणि मी ते मनापासून केले असते.

तर विनंती अशी की तू सर्वेशला समजाव. तो तुझा शब्द मोडणार नाही. अशा अटी घालून सामने होत नसतात. चारशे माणसांतून एक तोंड कुठे शोधायचे, आणि ज्याचे ते तोंड आहे त्याने वर्षभराने येऊन काय सांगायचे. माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो, मैदान म्हटले की जातोच. गावच्या पोरांच्या खेळापुढे ते एवढे धरून ठेवू नये असे माझे नम्र मत आहे.

भाऊजींना नमस्कार, सर्वेशला आशीर्वाद, तांबडीच्या पाठीवरून माझा म्हणून एक हात फिरव. उत्तर फोनने दिलेस तरी चालेल, मी पहिल्या घंटीला उचलीन.

तुझा भाऊ,
गोकुळदास

ता. क. वरचे सगळे लिहून झाल्यावर सुशीलेला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "नाव घालूचा रवला." मी म्हटले, खाली सही आहे की. ती म्हणाली, "तां न्हय."

तर अक्का, ती शिवी माझी होती. तुला हे ठाऊक आहे हेही मला ठाऊक आहे. सर्वेशने वळून पाहिले तेव्हा त्याला शोधावे लागले नाही, त्या आवाजामागून त्याने लहानपणी पाढे म्हटले आहेत. तोंडातून शब्द निघाला तेव्हा त्याची आई म्हणजे तू, हे माझ्या डोक्यात नव्हते. एवढ्या माणसांत ती शिवी ज्याच्या स्वतःच्याच घरात शिरणार होती असा मी एकटा होतो, आणि मीच ती घातली. पेनल्टीचे तर निमित्त होते. खरे कारण लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सामना सुरू होण्याआधी सर्वेश सरळ सगुणकडे गेला, वाकून त्याच्या पाया पडला आणि मला त्याने लांबून हात केला, कारण तोवर संघ मैदानात उतरले होते. दर मे महिन्यात तो आजोळी यायचा तेव्हा मी त्याला पाढे शिकवले, एकोणतिसापर्यंत. सगुणने त्याच शेतात त्याला चेंडू मारायला शिकवले. मोठेपणी पोरगा कोणाच्या पाया पडणार हे मला तेव्हाच कळायला हवे होते. तो वाकला त्या क्षणापासून तो कधी चुकतो याची मी वाट पाहत होतो.

ज्या बाजूने शिवी येईल ती बाजू हरू दे, हे मी मागितले यंदा. राखणदाराने ते गेल्या वर्षापासूनच लागू केलेले दिसते. गोकुळाष्टमीला माझा वाढदिवस, दरवर्षी मी नार्व्याला येऊन नदीत बुडी मारतो आणि सप्तकोटेश्वरापुढे तू माझ्या हातावर साखर ठेवतेस. यंदा बोलावणे आले नाही. चवथीला नाही. भाऊबीजेला मी नवा सदरा घालून दुपारपर्यंत उंबऱ्यावर बसलो होतो, सुशीलेने पोह्यांचे फोव करून पुढे ठेवले, ते मला गिळवले नाहीत. मला फार वाईट वाटते, अक्का. तू रागावलीस म्हणून नाही, तुझे बरोबर आहे म्हणून.

तेव्हा वरची विनंती खोडली असे समज. सर्वेशची अट राहू दे. रविवारी साडेतीनला त्याच्याबरोबर तूही ये. सुशीला तुझ्यासाठी सावलीत खुर्ची धरून ठेवील. मी मैदानाच्या मधोमध येऊन, सर्वणचे लोकही ऐकतील अशा आवाजात, तुला सांगेन. मग सगुण पुन्हा नारळ ठेवील आणि बऱ्या बुद्धीचे त्याचे गाऱ्हाणे घालील. मी 'व्हय महाराजा' म्हणेन, आणि त्यापुढे एक शब्द बोलणार नाही.

ता. क. दुसरा. तो हँडबॉल मात्र नव्हता. चेंडू खांद्याला लागला होता. हे मी रविवारी बोलणार नाही, तुला म्हणून सांगितले.

ता. क. तिसरा. टपालाने हे रविवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, आणि माझ्या गुडघ्याने नार्वे होत नाही, म्हणून पत्र उद्या सकाळी सगुणच्या हाती पाठवतो आहे. मीच जाऊन त्याला विचारले. तो लगेच हो म्हणाला, का ते विचारले नाही. घरात गोंद नव्हता म्हणून पाकीट उघडेच आहे, पण तो वाचणार नाही. त्याला पाणी दे, गूळ दे. जेवायला बसवू नकोस. अगदी बसवलेसच तर मिस्कूट वाढू नकोस, त्याच्याकडे आहे.